रिकाम्या हातांनी उतरताना

जॅकची डावी मांडी उजवीपेक्षा बारीक आहे, आणि आता ती तशीच राहणार. हाफ पँट घालून तो बसला की नवखा माणूस एकदा तिकडे पाहतो आणि घाईने नजर वळवतो. मग जॅकच बोट दाखवून ओळख करून देतो, "हा पाय कारखान्यातला आणि हा दवाखान्यातला."

जॅक हे त्याचं खरं नाव नव्हे. टायर बदलताना गाडीखाली लावतात तो जॅक. हे नाव टोळीत कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्याने माणूस नीट पाहिला होता. आम्ही लोखंडी कपाटांच्या कारखान्यात पोहोचवणीवर होतो. कपाट गाडीतून काढायचं, जिन्याने गिऱ्हाइकाच्या घरात न्यायचं, भिंतीला लावून उभं करायचं, दार अडकत नाही ना ते बघायचं आणि परत यायचं. मोठं कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. त्यामुळे लिफ्ट असलेल्या इमारतीतही आमच्या वाट्याला जिनाच.

हे काम जोडीने होतं. एक वरचा, एक खालचा. वरचा उलट्या पावलांनी चढतो, वळण पाहतो, भिंतीचा रंग आणि कठडा सांभाळतो. खालच्याच्या छातीला कपाट टेकलेलं असतं, त्याला पत्र्याशिवाय काही दिसत नाही. वजन बहुतेक त्याच्यावर. आणि टेकवायचं कधी ते फक्त त्यानेच सांगायचं. वरचा कितीही दमो, 'ठेव' हा शब्द त्याने उच्चारायचा नाही, कारण त्याने हात सैल सोडला की सगळा भार खालच्याच्या अंगावर जातो. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. मी वरचा होतो, जॅक खालचा. आमची दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून ही जोडी होती.

दुसरी एक रीत होती, ती इथे सांगायलाच हवी. कपाट लावून झालं की आम्ही रिकाम्या हातांनी खाली यायचो, आणि त्या उतरण्याला आमच्यात काम म्हणत नसत. आज किती मजले झाले असं कोणी विचारलं तर चढलेले सांगायचे. उतरलेले कोण धरतो? म्हणून सगळे धावत उतरायचे. जो आधी खाली येईल तो गाडीच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसणार, बाकीचे उभे. पुढचं कपाट कोणत्या जोडीने उचलायचं तेही तोच ठरवणार. जॅक जिन्याच्या शेवटच्या काही पायऱ्या कधी उतरलाच नाही. कठड्याला हात लावायचा आणि उडी मारायचा. दोन्ही पाय टेकल्याचा धप्प आवाज जिन्यात घुमला की मला वरच्या मजल्यावर कळायचं, फाळका गेला.

त्याचा गुडघा गेला तो मात्र चढताना. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणीतरी दारासमोर रबरी पायपुसणं टाकलं होतं. मी ते पाहिलं आणि सांगितलंही, पण तोवर त्याचा डावा पाय त्यावर पडला होता. पाय रबरावर चिकटून राहिला आणि अंग कपाटाबरोबर वळलं. आतून टक् असा आवाज आला. कोरडी काटकी मोडावी तसा. पत्र्याच्या पलीकडून जॅक म्हणाला, "ठेव." आवाज नेहमीचा होता. आधी कपाट टेकलं, मग तो टेकला.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी त्याच्याच मांडीच्या मागच्या बाजूची शीर काढून गुडघ्यात नवी दोरी ओवली. ऑपरेशन झाल्यावर म्हणाले, माझं काम झालं, आता तुमचं सुरू. कमीत कमी नऊ महिने, जमल्यास वर्षभर व्यायाम, आणि तोवर जिन्यावर वजन नाही. मध्येच एकदा पाय बरा झाल्यासारखा वाटेल, तेव्हा सर्वांत जपायचं, कारण नवी दोरी तेव्हा कच्ची असते.

आमचा मुकादम माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून विचारणा होती. त्याने पॉलिश विभागातला एक उंच पोरगेला गडी माझ्यासोबत खालचा म्हणून लावला. त्याला सगळे उंट म्हणायचे. मुकादम जॅकला घरी भेटायला आला तेव्हा त्याने स्पष्टच सांगितलं. एका मोठ्या वसतिगृहाची ऑर्डर आली होती, खोलीगणिक एक कपाट, लिफ्ट नाही. तो माल जायला लागेपर्यंत जॅक आला तर खालच्याची जागा त्याची. नाही आला तर उंट कायम. जॅक मान डोलावत राहिला. मुकादम गेल्यावर मला म्हणाला, उंटाला सांग, पॉलिशचा डबा नीट झाकून ठेव, परत जायचंय.

पहिले काही आठवडे मी दर सुट्टीला त्याच्याकडे जायचो. पलंगावर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, एवढाच व्यायाम. मांडी घट्ट व्हायला हवी. ती होत नव्हती. जॅक तिच्याकडे असा बघायचा, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे आणि चुकून त्याच्या घरी राहिली आहे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. लोखंडी कपाट छातीवर घेणारा माणूस, स्वतःचा पाय उचलताना त्याच्या कपाळावर घाम. वहिनी शेजारी बसून शाळेच्या गणवेशांना काजं करत असायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, पाय आहे तो, म्हैस नाही. हाका मारून उठायचा नाही." तो हसला, आणि हसता हसता पाय थोडा उचलला गेला. तेव्हापासून वहिनींना रोज काहीतरी बोलावं लागायचं.

दवाखान्याच्या तळघरात व्यायामाची खोली होती. एका भिंतीला आरसा, धरून चालायला दांड्या, कमी-जास्त उंचीचे लाकडी ठोकळे, जागेवरची सायकल आणि पायांनी लोखंडी वजनं ढकलायचं एक मशीन. तिथल्या बाई किरकोळ अंगाच्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. आम्ही त्यांना व्यायामबाई म्हणायचो, त्यांच्या मागे. त्या जॅकला काका म्हणायच्या, आणि ते त्याच्या जिव्हारी लागायचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल नसेल, आणि मला काका करते, असं तो घरी येऊन सांगायचा. वहिनी म्हणायच्या, आरशासमोर व्यायाम करता ना, मग बघत चला जरा.

सायकल मागे पडली, ठोकळ्यावर चढणं सुरू झालं, मग मशीनवर वजनं आली, आणि जॅकची गाडी रुळावर आली. वजन ही गोष्ट त्याला कळत होती. बाई सांगत तेवढं तो ढकलायचा आणि आणखी मागायचा. त्या नाही म्हणायच्या. मग तो घरी भर टाकायचा. बाईंनी जिन्याचा व्यायाम सुरू करायला सांगितला, हात कठड्याला, वजन काही न घेता, एकच मजला, सावकाश. जॅकचं घर तळमजल्यावर. समोरच्या इमारतीला उंच जिना होता. तो तिथे जाऊ लागला. काही दिवसांत त्याने पिशवीत वाळू भरली. पिशवी छातीशी धरून तो पार वरच्या मजल्यापर्यंत चढायचा आणि खाली यायचा तो लिफ्टने.

हे त्या लिफ्टवाल्याने मला नंतर सांगितलं. त्याला त्याची मजा वाटायची. लोक चढायला लिफ्ट घेतात, हे गृहस्थ उतरायला घेतात, तेही वाळू घेऊन. त्याने एकदा जॅकला विचारलं होतं, की मालकांना सांगून पाटीवरचा बाण उलटा करून घेऊ का. जॅक म्हणाला होता, उतरण्यात काय कष्ट आहेत? उगाच वेळ जातो, तेवढ्यात आणखी एकदा चढून होईल.

आमच्या टोळीतल्या कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. यात आळस नव्हता. जॅक इतका घाम गाळत होता, की वहिनी रोज त्याचा बनियन पिळून दोरीवर टाकायच्या. पण आमचा सगळा हिशेब चढणीचा. चढला तो कष्ट, उतरला तो विसावा. बाई 'जिने करा' म्हणाल्या, आणि जिने म्हणजे काय ते जॅकने आपल्या धंद्याप्रमाणे समजून घेतलं.

वसतिगृहाचा माल निघायच्या सुमारास तो मला तळघरात घेऊन गेला. बाई आज पास करणार, बघायला चल, असं म्हणाला. मशीनवर त्याने दोन्ही पायांनी वेगवेगळं वजन ढकलून दाखवलं. डावा उजव्याच्या जवळपास आला होता. बाईंनी मांडीला टेप लावला, मान हलवली, आणि मलाच म्हणाल्या, मेहनत दिसते. जॅकने माझ्याकडे असं पाहिलं, जणू फाळक्यावर तोच बसला आहे.

मग बाईंनी एक लहानसा ठोकळा पुढे ओढला. एक पायरी असते तेवढाच. त्यावर डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा पाय पुढे मोकळा सोडायचा आणि सावकाश खाली नेत टाच जमिनीला नुसती लावायची. भार डाव्यावरच ठेवायचा. जॅक उभा राहिला. उजवा पाय अर्ध्यावर आला तोच डावा गुडघा थरथरला आणि आतल्या बाजूला वळला. उजवा पाय धाडकन खाली आला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. आरशात मी त्याचा चेहरा पाहिला आणि मग बाहेरच्या दाराकडे पाहत बसलो.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही गाडीवर काम करता ना? चढताना मांडी इंजिनचं काम करते, उतरताना ब्रेकचं. तुमचं इंजिन छान झालंय. ब्रेक अजून लागत नाहीत. दोन-तीन महिने फक्त उतरायला शिकू या."

जॅक म्हणाला, "आमचा माल वर जातो, मॅडम. खाली आम्ही रिकामेच येतो."

"रिकामे कुठे? तुमचं स्वतःचं वजन असतंच की."

रस्त्यावर आलो. पानांचा ढीग जळत होता, त्याला वळसा घालून आम्ही गेलो. मग तो म्हणाला, आता दोन-तीन महिने म्हणजे उंट कायम. मी म्हणालो, होऊ दे कायम, तुला दुसरी जोडी मिळेल. दुसरी कोणाशी लावशील, असं त्याने विचारलं. वहिनींनीही त्याला अडवून पाहिलं. दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच डबा भरून घेतला आणि कारखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. मुकादमाने दवाखान्याचं काय ते विचारलं. जॅक म्हणाला, मांडी मोजून घेतली आहे.

वसतिगृहाच्या जिन्याला अजून सिमेंटचा वास होता. पायऱ्या रुंद, वळणं ऐसपैस. जॅकने पट्टा खांद्यावर टाकला, छाती कपाटाला लावली आणि म्हणाला, "घे." मी घेतलं. खोटं का सांगू, पहिल्या मजल्यापर्यंत माझं सगळं लक्ष त्याच्या गुडघ्याकडे होतं, दुसऱ्या मजल्यावर मी तो विसरलो. भार पूर्वीसारखाच सरळ येत होता, झोल नाही, धक्का नाही. वर पोहोचल्यावर त्याने "ठेव" म्हटलं तेव्हा तिथे काम करणारे रंगारीसुद्धा थांबून पाहत होते. उंट दुसऱ्या जोडीत होता. त्यानेही हात वर करून मानलं.

उतरताना मात्र जॅक कठडा धरून येत होता, एकेक पायरी. डावा पाय आधी, मग उजवा. पोरं बाजूने धडाधड उतरून जायची. दुपारी एकाने म्हटलं, जॅक वर जातो झटक्यात, खाली यायला हवा काढावी लागते. सगळे हसले, जॅकही हसला. दिवसभर फाळक्यावर उंटच बसत होता. जॅक उन्हात उभा राहायचा आणि उंट म्हणेल ते कपाट उचलायचा. उंटाच्या मनात काही नव्हतं. रीत होती, म्हणून तो बसत होता. एकदा तर तो उठून जागा द्यायला लागला, आणि ते जॅकला जास्त लागलं.

शेवटची खेप झाली. मी वरती एका कपाटाखाली लाकडाची चिप सारत होतो, ते डुगडुगत होतं. उंट आणि जॅक बरोबरच खाली निघाले. जिन्यातून उंटाच्या धावण्याचा आवाज आला. मग दुसरा. मी चिप हातात धरून तसाच थांबलो. तो दुसरा आवाज मला ओळखीचा होता आणि तेव्हा तो नको होता. मग धप्प. त्याच्यामागून काहीच आलं नाही. ना हसणं, ना शिवी.

मी खाली पोहोचलो तेव्हा तो जिन्याच्या पायथ्याशी बसला होता, डावा पाय दोन्ही हातांत धरून. उंट त्याच्यापाशी उकिडवा बसला होता आणि फाळका रिकामा होता. जॅक मला म्हणाला, "ब्रेक लागला नाही रे."

नवी दोरी तुटली होती आणि या वेळी आतली गादीही फाटली होती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण ते चालण्या-फिरण्यापुरतं. वजनाचं नाव काढू नका. सूज उतरल्यावर तो तळघरात गेला, मी सोबत होतो. तो काय ऐकायला जातोय ते त्यालाही कळत नसावं. बाईंनी पाय तपासला. मग विचारलं, "काका, जिने करत होता ना?"

"करत होतो."

"उतरतही होता?"

जॅकने आरशाकडे पाहिलं. बाईंनी तोच लहान ठोकळा काढला, पण पुढे न ढकलता त्यावर स्वतःच बसल्या आणि म्हणाल्या, "मीच विचारायला हवं होतं. मला वाटलं, जिना म्हटलं की दोन्ही आलंच."

पुढे मुकादमाने त्याला फाटकावर बसवलं. भरलेली गाडी निघाली की फाटक उघडायचं, परतली की बंद करायचं. गाडी जाताना तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा. तशी काही गरज नव्हती. उंट माझ्याबरोबर मी निवृत्त होईपर्यंत खालचा राहिला. चांगला गडी. पण त्याचा 'ठेव' माझ्या कधी अंगवळणी पडला नाही. तो नेहमी मला वाटायचं त्याच्या जरा आधी यायचा, आणि मग मला जॅकची आठवण यायची. जॅक जरा उशिरा म्हणायचा. आणखी एक पायरी चढून.

जॅकला एकदा मी विचारलं होतं, त्या लिफ्टचं. फाटकाजवळ आम्ही चहा पीत होतो. तो म्हणाला, वेळ वाचतो हे सगळं सांगायला होतं. पहिल्या दिवशी जिना उतरून पाहिला तेव्हाच गुडघा आपला वाटला नव्हता. कोणी धरेल का असं वाटत होतं. लिफ्टमध्ये तसं वाटत नव्हतं, म्हणून लिफ्ट. बाईंनी सांगितलं तेवढं केलं असतं तर जागा गेली असती, पाय राहिला असता. आता दोन्ही गेलं. असं म्हणून त्याने कपातला गाळ झाडाच्या मुळाशी ओतला.

मी त्याच्या कष्टाची बाजू घ्यायला हे लिहीत नाही. कष्टाचं मला कौतुक आहे, पण कष्ट कुठे पडले तेही बघावं लागतं. त्याने कमी केले नव्हते. जिथे हवे होते तिथे घातले नाहीत, आणि ते त्याला मनात ठाऊक होतं. आमच्यातले किती जण असेच वागले असते ते मी सांगू शकणार नाही. मी वागलो असतो.

वहिनी गेल्यावर तो लेकीकडे राहायला गेला. तिचं घर चौथ्या मजल्यावर. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. निघालो तेव्हा तो चपला घालू लागला. लेक आतून म्हणाली, "बाबा, लिफ्टने सोडा काकांना."

"लिफ्ट वर यायला," तो म्हणाला. हे बोलणं त्यांच्यात रोजचं असावं.

जिन्यात मी पुढे झालो. सवयीने मी त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरू लागलो. जॅक दोन्ही पाय वापरत होता, पण खाली आधी उजवा पाय सोडायचा. सगळं वजन त्या बारीक डाव्या मांडीवर घ्यायचं आणि उजवी टाच अलगद खालच्या पायरीला लावायची. घाई नाही. बाईंनी दाखवलं होतं तसंच. फाटकावर लागल्यावर काही महिने तो पुन्हा तळघरात जाऊन ते शिकला होता, हे मला तेव्हाच कळलं. कशासाठी शिकलास, असं विचारलं, तर म्हणाला, राहून गेलं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डावा गुडघा थरथरायला लागला. तो थांबला. हात कठड्यावर, नजर माझ्यावर. तो काही बोलेल म्हणून मी थांबलो. तोही थांबला होता.

"बोल की," तो म्हणाला. "खालचा तू आहेस."

मी म्हणालो, "ठेव."

तो पायरीवर बसला. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसलो. शेजारच्या जाळीतून लिफ्ट वर गेली, आत कोणीतरी भाजीची पिशवी घेऊन उभं होतं. अजून दोन मजले उतरायचे होते. लिफ्ट बोलवू का, असं मी विचारलं नाही.